चार अँटेनांचा मेळ

“खात्री आसा तुझी?” वायरलेसवरून होडीवाल्यांचे म्होरके बाबल तांडेल यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “दोनशे अडतीस अंश. नैर्ऋत्य.”

“नाय, इचारलंय एवढ्यासाठी, आत्माराम काल सांजेक म्हणत होतो, उत्तरेच्या अंगाक जाळी टाकतलो म्हणान. मगे नैर्ऋत्येक तो कित्याक जायत?”

“काका, त्यांचा आवाज तिकडूनच आलाय. माझ्यासमोर रेघ दिसतेय. यंत्र अंदाजाने सांगत नाही.”

तांडेल म्हणाले, “बरा. तू सांगतंस तर तसा.” आणि खाली बंदरात पाच होड्यांची इंजिनं एकामागून एक धडधडू लागली.

ही अकरा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं आणि चार महिन्यांपासून मी कोकणात देवसाळ नावाच्या छोट्या बंदरावर एकटीच काम बघत होते. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा आहे. तिथल्या पत्र्याच्या खोलीत माझा संगणक होता आणि बाहेर चौकोनात उभ्या केलेल्या चार अँटेना. समुद्रात कुणी वायरलेसवर बोललं, की तो आवाज कुठल्या दिशेने आला हे त्या चार अँटेनांवरून काढायचं आणि पडद्यावरच्या नकाशावर तशी रेघ उमटवायची, एवढंच माझं काम. संकटात सापडलेली होडी शोधायला याचा उपयोग होईल, असं आमच्या संस्थेच्या अर्जात लिहिलेलं होतं. अर्जात तसं लिहावंच लागतं. खरोखर कुणी संकटात सापडेल आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

त्या दिवशी नऊ पस्तीसला आवाज आला. समुद्रावर धुकं बसलेलं होतं. किनाऱ्यापासून तीन-चार किलोमीटरपलीकडचं काही दिसत नव्हतं.

“लवू बोलतंय... लवू कुबल... ओंडको आपाटलो, फळी फुटली... होडयेत पाणी भरता हा...”

मच्छीमार सोसायटीच्या कचेरीतला वायरलेस सदानंद मेतर सांभाळत. गाव त्यांना सदाकाका म्हणे. ते ओरडून विचारत होते, “खंय आसात? लवू, खंय आसात तुमी?”

“काय दिसना नाय... जीपीएस भिजलो... दादाच्या छातीक लागला हा...”

एवढंच. एकंदर अकरा सेकंद. त्यानंतर सदाकाका दहा मिनिटं हाका मारत राहिले, पण उत्तर आलं नाही. हातातल्या छोट्या वॉकीची बॅटरी गेली असणार, नाहीतर वॉकीच पाण्यात गेली असणार.

लवूचा आवाज मला ओळखीचा होता. त्याच्याच घरात मी राहत होते. थोरला भाऊ आत्माराम पन्नाशीचा, धाकटा लवू छत्तीसचा. आत्मारामची बायको सुनंदावहिनी मला दोन वेळचं जेवायला घाली. आत्मारामदादा माणूस अबोल, पण मला काटे काढता येत नाहीत हे पाहिल्यापासून माझ्यासाठी वेगळी, कमी काट्यांची मासळी घरी येऊ लागली होती. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही आणि मीही नाही.

त्यामुळे अकरा सेकंदांचा तो आवाज ऐकताना मी घाबरले होते. पण पडद्यावर रेघ उमटली, ठळक, सरळ, जराही न थरथरता, आणि मला हायसं वाटलं. मी रेघ तिथेच थांबवून ठेवली, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बोलण्याने ती हलायला नको. सदाकाकांनी मोबाइलवर विचारलं, “बाय, गावली काय गो दिशा?” मी म्हटलं, गावली. मग तांडेल वायरलेसवर आले आणि आमचं ते बोलणं झालं.

होड्या गेल्यावर सुनंदावहिनींचा फोन आला.

“वृंदा, तू सांगलंस त्याच बाजूक होडयो गेल्यो मा?”

“हो वहिनी.”

“मगे बरा झाला.” त्या रडत नव्हत्या. “नायतर ह्या धुक्यात खंय शोधतले होते? देवासारखी तू हंय इलंस.”

मी काहीतरी धीराचं बोलले. काय ते आठवत नाही.

दहा वाजून बारा मिनिटांनी बाबल तांडेल पुन्हा बोलले. तोवर मी थांबवलेली रेघ मोकळी केली होती. लवूने परत हाक दिली तर ती पकडता यावी म्हणून.

“सदा, कावळ्याचो खडक मागे टाकलो. पुढे जातंव. अजून काय दिसना नाय.”

कावळ्याचा खडक म्हणजे बंदराच्या नैर्ऋत्येला समुद्रातून वर आलेला काळा सुळका. सड्यावरून तो दिसायचा. मी दारातून बाहेर पाहिलं. धुक्याच्या कडेला खडकाचा काळा आकार होता आणि त्याच्या पलीकडे सरकणारे पाच ठिपके. मग मी सहज पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर बाबल तांडेलांची रेघ ईशान्येला गेली होती. माझ्या पाठीमागे. जमिनीवर. नकाशावर तिथे आंब्याच्या बागा होत्या.

मी पुन्हा दाराबाहेर पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे. तांडेल अजून सदाकाकांशी बोलत होते आणि रेघ आंब्याच्या बागांवर पक्की होती. ठळक, सरळ, जराही न थरथरता.

आता हे सांगायला हवं.

रेडिओची लाट चार अँटेनांवर एकाच क्षणी पोचत नाही. जी जवळ असेल तिच्यावर आधी, दूरच्या अँटेनेवर नंतर. हा फरक इतका बारीक असतो, की सेकंदाचे अब्ज तुकडे केले तर त्यातले दोन-चार. त्या फरकावरूनच दिशा कळते. प्रत्येक अँटेनेचा रिसीव्हर वेगळा, आणि चौघांकडून आकड्यांचे चार प्रवाह संगणकात येत राहतात. हे चार प्रवाह एकमेकांशी अगदी नेमके जुळलेले असले तरच तो बारीक फरक खरा. पण वीज जाऊन यंत्र नव्याने सुरू झालं, की चारही रिसीव्हर थोडे मागेपुढे मोजायला लागतात, आणि दर वेळी वेगळ्याच तऱ्हेने. म्हणून यंत्र सुरू झालं की आधी मेळ बसवायचा. चारही अँटेनांच्या वायरी काढायच्या, एका छोट्या डबीतून एकच खरखर चौघांत सारख्या लांबीच्या वायरींनी सोडायची, कोण किती पुढे आणि कोण किती मागे ते संगणकाला शिकवायचं, मग अँटेना परत जोडायच्या. पंचवीस मिनिटांचं काम.

त्या दिवशी सकाळी सहा पन्नासला वीज गेली होती. दोन मिनिटांत परत आली. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं, आणि मी मेळ बसवला नव्हता.

विसरले नव्हते. बसवला नव्हता. पुण्याला आमच्या रेगे सरांना आठ वाजेपर्यंत महिन्याचा अहवाल पाठवायचा होता आणि तो अर्धाच झाला होता. आदल्या दिवशीच्या मेळाचे आकडे संगणकात होते. मी तेच उचलून वापरले. यापूर्वी एकदा तसं केलं होतं आणि ते नशिबाने चाललं होतं. अहवाल गेल्यावर मेळ बसवू, असं मनाशी म्हटलं. अहवाल गेला, मग मी चहा केला, मग त्या महिन्याचे आलेख चाळत बसले. पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं होतं, की यंत्र सलग एकवीस दिवस बिनचूक चालू आहे.

पाच होड्या मी सांगितलेल्या दिशेने धुक्यात शिरत होत्या, आणि आत्माराम-लवू त्या दिशेला नव्हते. ते कुठे होते हे मला माहीत नव्हतं.

मी सदाकाकांना फोन लावला.

“काका, दिशा चुकली.”

“काय?”

“माझी चूक झाली. यंत्राचा मेळ नव्हता. त्यांना थांबवा. तुम्ही सांगा ना त्यांना, तांडेलांना सांगा, की...”

“की काय?”

वायरलेसवर बोललेलं सगळ्या होड्यांना ऐकू जातं. सोसायटीच्या कचेरीत जमलेल्या सगळ्यांनाही.

सदाकाका आवाज खाली आणून म्हणाले, “बाय, सुनंदा हंय माझ्या बाजूक बसली आसा. मी वायरलेसवर काय सांगू? माका त्यातला काय कळता? बाबल इचारीत, आता खंय जावचा, तर मी काय सांगतलंय?”

“काका, मला नाही जमणार.”

“तुझ्याकडे पण वायरलेस आसा. आधी सांग. मगे काय रडाचा ता रड.”

त्यांनी फोन ठेवला. मी वायरलेस हातात घेतला. बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं.

“बाबलकाका, वृंदा बोलतेय. सड्यावरून.”

“बोल.”

“मी सांगितलेली दिशा चुकीची आहे. होड्या थांबवा.”

खरखर. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी परत म्हटलं, “दिशा चुकीची आहे, काका. माझ्याकडून चूक झाली.”

“मगे आता खंय जावचा?” तांडेल म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“आत्ता मला माहीत नाही.”

कुणीतरी दुसऱ्या होडीवरून शिवी हासडली. तांडेलांनी त्याला गप्प केलं. “माहीत नाय तर माका उत्तरेक जाव दे. माझ्या मनाक पयल्यापासून तसाच वाटत होता.”

“जा. पण उत्तरेला म्हणजे कुठे, हे तुम्हालाही माहीत नाही, काका. चार होड्या पाठवा. तुमची एक मला द्या. वीस मिनिटांत मी नेमकी दिशा काढते.”

हे बोलताना माझ्या डोक्यात ते पुरतं जुळलेलंही नव्हतं. बोलता बोलता जुळलं. लवूचे अकरा सेकंद संगणकात साठवलेले होते. चारही प्रवाह, आकडा न् आकडा. यंत्र त्यानंतर बंद पडलेलं नव्हतं, म्हणजे त्या अकरा सेकंदांत जो बिघाड होता तोच बिघाड आत्ताही होता. कुठे आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या एका होडीवरून कुणी बोललं, तर चौघांपैकी कोण किती पुढे आणि कोण किती मागे हे उलट्या बाजूने काढता येईल. मग तोच हिशेब लवूच्या आवाजाला लावायचा. लवू परत बोलायची गरज नव्हती. पण त्याच्या आधी वीज गेली असती, तर सगळं संपलं असतं.

“काय करू मी?” तांडेलांनी विचारलं.

“कावळ्याच्या खडकापाशी परत या. अगदी चिकटून उभे राहा. मग बटण दाबून तीस सेकंद बोलत राहा. बाकी कुणीही बोलायचं नाही.”

“काय बोलू?”

“काहीही बोला.”

खडकापाशी यायला त्यांना आठ मिनिटं लागली. मी तो हिशेब करणारा प्रोग्रॅम संगणकात लिहीत होते आणि बोटं चुकीच्या कळांवर पडत होती. दर दोन ओळींनी मी खोलीतल्या दिव्याकडे बघत होते. तो एकदा मंद झाला. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. तो परत उजळला.

मग तांडेलांचा आवाज आला.

“लवू, आत्माराम, बाबल बोलतंय. ऐकूक येता काय माहीत नाय. धीर सोडू नको रे. आमी येतंव. आत्माराम, गावात ता धरून रव, दमलस तर लवूच्या खांद्यार डोका टेक. येतंव आमी. होडयो निघाल्यो आसत. धीर सोडू नको...”

तीस सेकंद ते त्यांच्याशीच बोलत राहिले. संपल्यावर मला विचारलं, “पुरे?”

“पुरे,” मी म्हटलं.

आकडे बसले. आता लवूचा आवाज त्यातून काढायचा. पण माझा हात पुढे होईना. एकदा मी ठाम सांगितलं होतं आणि पाच होड्या फिरवल्या होत्या. मी सदाकाकांना सांगितलं, बंदराच्या तोंडाशी नांगरलेल्या होडीवर कुणी असेल तर त्याला दहा सेकंद बोलायला सांगा.

“आता आनी ह्या कित्याक?” तांडेल मध्येच ओरडले. “वेळ जाता हा, चेडवा!”

“मेळ खरंच बसला की नाही ते बघायचंय, काका. दोनदा चुकायचं नाही.”

त्याला चार मिनिटं गेली. चार मिनिटांत माणूस बुडतो, हे मला कळत होतं. बंदरातल्या होडीवरून कुणीतरी घाबऱ्या आवाजात दहापर्यंत आकडे म्हटले. रेघ सरकली आणि बंदराच्या तोंडावर जाऊन थांबली.

मग मी लवूचे अकरा सेकंद लावले.

रेघ तीनशे एक अंशांवर गेली. वायव्येला, म्हणजे उत्तरेच्याच अंगाला. आत्मारामने आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं तिकडेच.

मी ते वायरलेसवर सांगितलं तेव्हा दहा वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. तांडेलांनी आकडा एकदा परत विचारला, खात्री आहे का ते विचारलं नाही. पुढे गेलेल्या चार होड्यांना त्यांनी त्या रेघेवर एकमेकांपासून अंतर ठेवून पसरायला सांगितलं आणि स्वतःची होडी वळवली.

त्यानंतर दीड तास माझ्या हातात काहीही नव्हतं. धुकं विरत चाललं होतं. मी दारात उभी राहायचे, मग आत यायचे. एकदा मी यंत्राला हात लावायला गेले आणि हात मागे घेतला. खाली सोसायटीच्या कचेरीपुढे माणसं उभी होती. सड्यावरून ती लहान दिसत. एकही जण वर माझ्याकडे आला नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी तांडेलांचा आवाज आला.

“लवू गावलो.”

खालून आरडाओरडा ऐकू आला, आनंदाचा. मी बोलायला वायरलेस उचलला आणि थांबले. दुसऱ्या नावाची वाट बघत राहिले.

सदाकाकांनी विचारलं, “आनी आत्माराम?”

“लवू गावलो,” तांडेल परत म्हणाले.

लवू डिझेलच्या रिकाम्या डब्याला धरून तरंगत होता. होडी अकराच्या सुमाराला बुडाली. तरंगायची जाकिटं केबिनीत अडकली ती अडकलीच. आत्मारामच्या छातीला मार बसलेला, त्याला श्वास घेता येत नव्हता. लवूने एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने भावाला धरलं होतं. होड्या पोचायच्या अर्धा तास आधी आत्माराम सुटला. तिसऱ्या दिवशी तो पलीकडच्या खाडीच्या तोंडाशी सापडला.

अर्धा तास. चुकीच्या दिशेने गेलेल्या होड्यांचा पाऊण तास वाया गेला होता. हे गणित करायला मला संगणक लागला नाही.

गावाने मात्र मला दोष दिला नाही. वीज गेली म्हणून यंत्र बिघडलं, पण पोरीने ते ओळखलं, सगळ्यांसमोर कबूल केलं आणि लवूला शोधून दिलं, असंच सगळे बोलत. सदाकाकांनी तसंच सांगितलं होतं, कारण त्यांना तेवढंच माहीत होतं. मी तरी तेवढंच सांगितलं होतं. रेगे सरांनी फोनवर विचारलं, “वीज गेल्यामुळे मेळ गेला ना?” मी म्हटलं, हो. खोटं नव्हतं ते. सोसायटीने माझे आभार मानणारा ठराव केला. तांडेलांनी बंदरावर सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि मी रोज दोन वेळा सुनंदावहिनींच्या घरी जेवत होते. त्या घरात आता मासळी शिजत नव्हती. सुतकाचे दिवस संपेपर्यंत डाळ-भात. वहिनी मला वाढताना म्हणायच्या, “खा गो, तू कित्याक उपाशी रवतंस? तुझ्यामुळे एक तरी घराक इलो.”

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना सांगितलं.

पुढचं आधी सांगून टाकते. नंतर मी सोसायटीतही सांगितलं आणि सरांनाही लिहिलं. तांडेल माझ्याशी परत बोलले नाहीत. सरांनी मला काढलं नाही, पण यंत्र दुसऱ्या माणसाच्या हाती दिलं. त्याआधी मी त्यात एक बदल करून ठेवला: मेळ बसवल्याशिवाय पडद्यावर रेघच उमटणार नाही. नकाशा कोरा राहील. आज मी जिथे काम करते तिथल्या प्रत्येक यंत्रात तो बदल आहे, आणि नवी मुलं कधी कधी वैतागून विचारतात, पंचवीस मिनिटं नुसतं बसून काय राहायचं?

पण त्या दुपारचं सांगत होते. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. वीज दोनच मिनिटं गेली होती. मेळ बसवायला पंचवीस मिनिटं लागतात. माझ्याकडे पावणेतीन तास होते. मी मुद्दाम टाळलं. तांडेल उत्तरेला जायचं म्हणत होते, मीच त्यांना अडवलं.

वहिनींचे हात तांदळात थांबले. मी वाट बघत होते, की त्या ओरडतील, मारतील, घराबाहेर काढतील. मला तेच हवं होतं, असं आता वाटतं.

“ह्या माका कित्याक सांगतंस?” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून.”

“माका नको होता माहीत.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “पण तुका सांगूचा आसा, तर माका नको. लवूक सांग.”

“लवूदादांना?”

“तो जेवणा नाय, बोलणा नाय. रात्री उठान बसता आनी आपलो उजवो हात बघत रवता. माका म्हणालो, वैनी, दादाक मी सोडलंय. माझ्या हाताक मुंग्यो इल्यो आनी मी सोडलंय. तेका वाटता, त्याच्या हातात बळ आसता तर दादा रवलो आसतो.” त्या उठल्या. “चल.”

लवू मागल्या अंगणात माडाच्या बुंध्याशी बसला होता. समोर जाळं पसरलेलं, पण तो शिवत नव्हता. वहिनी माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी त्याला सगळं परत सांगितलं. या वेळी कमी शब्दांत. त्याने मध्ये एकदाही वर बघितलं नाही. मी गप्प झाल्यावर म्हणाला, “किती?”

“पाऊण तास.”

“होडयो वेळार इल्यो आसत्यो तर...” मग म्हणाला, “दादा सुटलो, त्याच्या मगे अर्ध्या तासान बाबलकाको इलो.”

“हो.”

“म्हणजे वेळार इले आसते तर माझो हात पुरलो आसतो?”

“हो,” मी म्हटलं. “पुरला असता.”

तो उठून उभा राहिला. मला वाटलं, आता मारणार, आणि मी डोळे मिटले. पण तो माझ्या बाजूने गेला. विहिरीच्या कठड्यापर्यंत गेला, दोन्ही हात कठड्यावर टेकले आणि मोठ्याने रडायला लागला. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली, इतक्या मोठ्याने. दादा, दादा म्हणून हाका मारत होता.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. बराच वेळ तसंच चाललं. शेजारची बाई त्याच्याकडे जायला निघाली तर वहिनींनी हाताने तिला थांबवलं.

“रडांदे तेका,” त्या म्हणाल्या. “त्या दिवसापासून आज पयल्यांदा रडता.”

मग माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून सांगता येत नाही.

“परत येव नको, असा मी म्हणत नाय,” त्या म्हणाल्या. “पण आज तू जा.”